प्रिचर्ड घराण्याचा बाक

मित्रांनो, अबुधाबीतल्या एका रेस्टॉरंटच्या दाराशी टेबलाची वाट पाहत तुम्ही कधी बसला असाल, तर कदाचित माझ्यावरच बसला असाल. मी एक जुना लाकडी बाक आहे. आज माझ्यावर लोक मोबाइल बघतात आणि पिशव्या ठेवतात. एके काळी माझ्यावर बसून लोक डोळे मिटत असत.

माझा जन्म इथून फार दूर, वेल्स नावाच्या डोंगराळ प्रदेशात झाला. त्या गावात छपरांना लागणाऱ्या काळ्या दगडाच्या खाणी होत्या. खाणकामगारांनी दिवसभर दगड फोडून झाल्यावर, उरलेल्या ताकदीत स्वतःचं प्रार्थनाघर उभं केलं. कोणा राजाने दिलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच बांधलं. तिथे प्रत्येक घराण्याचा बाक ठरलेला असे. मी प्रिचर्ड घराण्याचा. माझ्या टोकाला त्यांच्या नावाची छोटी पितळी पाटी होती.

ते गायला लागले की माझ्या फळ्या थरथरत. माणसं माझ्यावर भरवसा टाकून बसत आणि मला वाटे, हे असंच चालणार.

मग पहिलं महायुद्ध झालं. इवान आणि माइर प्रिचर्ड यांचे दोन्ही मुलगे, रिस आणि ओवेन, त्यात गेले. पुढच्या रविवारी धर्मोपदेशक म्हणाले, "ही देवाची इच्छा." सगळे निघून गेल्यावर इवानने खिशातून चाकू काढला आणि माझ्या पाठीवर दोघांची नावं कोरली. मला दुखलं, पण मी तक्रार केली नाही. त्यानंतर तो पुन्हा कधीच आला नाही. माइर मात्र येत राहिली. ती मान टेकवायची, ती बरोबर त्या नावांवर.

रिकाम्या जागा अशा एकेक करून वाढत गेल्या. खाणी बंद पडल्या, तरुण शहरात गेले. शाळेत शिकलेली मुलं प्रश्न विचारू लागली, त्यांना उत्तरं मिळेनात. मोटारी आल्या, तेव्हा रविवारी माणसं समुद्रावर जाऊ लागली. पुढे फक्त लग्नाला आणि मयताला यायची. शेवटी तेवढ्यालाही येईनाशी झाली.

माइरची मुलगी नेस्टा अखेरपर्यंत आली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची नात कॅरिस माझ्यावर झोपून जायची. नेस्टा शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिला उचलून माझ्यावर आणून बसवलं होतं. कॅरिस तेव्हा म्हणाली, "आजी, काळजी करू नकोस. काहीही झालं तरी हा बाक मी कुठे जाऊ देणार नाही."

ते वाक्य मी जपून ठेवलं.

कॅरिसचे केस पिकले तेव्हा प्रार्थनाघरात जेमतेम सात-आठ माणसं उरली होती. छप्पर गळत होतं. बैठकीत तीच उभी राहिली. "मला इथली गाणी आवडतात," ती म्हणाली. "पण माझा विश्वास राहिलेला नाही. याच जागी एका अविवाहित आईला सगळ्यांसमोर उठवून बाहेर काढलं होतं, हेही मी आजीकडून ऐकलंय. नसलेल्या विश्वासाचं सोंग करत बसणं मला जमत नाही. आपण हे विकू या."

मित्रांनो, खरं सांगतो, तिचा मला राग आला नाही. ती प्रामाणिक होती. त्या बाईला बाहेर काढलं तेव्हा मीही तिथेच होतो. माझ्यावर बसलेल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

पण ट्रक आला त्या दिवशी कॅरिस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. तिने माझी पितळी पाटी काढली, रुमालाने पुसली, पर्समध्ये टाकली. मग माझ्यावर एकदा हात फिरवला आणि निघून गेली. मी दारापर्यंत तिच्याकडे बघत होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाटीच्या स्क्रूंच्या चार भोकांत आजही धूळ साठते.

कंटेनरमधून मी दुबईला, अल क्वोज भागातल्या एका गोदामात आलो. विलायती चर्चमधले दरवाजे, बाक, रंगीत काचा असं सगळं तिथे विकायला ठेवलेलं असे. पॉलिशचं काम रत्नागिरीकडचा जहूर करायचा. दुपारचा नमाज तो माझ्या शेजारीच चटई टाकून पढायचा. कित्येक वर्षांनी माझ्याजवळ कोणीतरी डोकं टेकवत होतं. भाषा वेगळी होती, तरी मला बरं वाटायचं.

एक दिवस शैलेंद्र नावाचे मूळचे पुण्याचे, आता इकडेच राहणारे इंटिरिअर डिझायनर आले. त्यांना अबुधाबीच्या रेस्टॉरंटसाठी बाक हवा होता.

"जहूरभाई, पीस मस्त आहे. फक्त ही पाठ घासून स्मूथ करा. क्लायंटला खरवडलेलं चालणार नाही."

जहूरने नावांवरून बोट फिरवलं. "साहेब, ही खरवड नाही. कोणाच्या तरी पोरांची नावं आहेत. इबादतीच्या जागेवर कोरलीत, म्हणजे ती पोरं गेलेली असणार."

"अहो, तिकडे आता चर्चला जातं कोण? त्यांनीच विकलंय ना?"

"त्यांनी विकलं, ते त्यांच्यापाशी. मी नाही घासणार, साहेब. माझा शब्द आहे."

"बघा बुवा. गुरुवारी डिलिव्हरी आहे."

मित्रांनो, मला वाटलं, हा देवाला मानणारा माणूस आहे, हा मला सांभाळील. दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मालकाने त्याला आत बोलावलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं ऐकू आलं, "काम करायचंय की नाही? खलास!" जहूर बाहेर आला आणि त्याने घासायचं मशीन सुरू केलं. तोंडाला मास्क होता, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. आधी ओवेन गेला, मग रिस. भुसा झाडून त्याने पिशवीत भरला. त्या दुपारी त्याने चटई गोदामाच्या दुसऱ्या टोकाला टाकली.

जिने विश्वास सोडला तिने मला सोडलं, आणि ज्याने विश्वास धरला होता त्यानेही. मग मी कोणाकडूनच कसली आशा ठेवली नाही.

गुरुवारी मला अबुधाबीच्या या रेस्टॉरंटच्या दाराशी आणून ठेवलं. पुढे एका शुक्रवारी शैलेंद्र बायकोला आणि आईला घेऊन जेवायला आले. बायको, उर्मिला, टेबलासाठी नाव द्यायला आत गेली. आई, म्हणजे छायाताई, पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. त्या माझ्यावर टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "शैलू, घरातले देव कुठे आहेत रे? बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे दिले होते. सगळीकडे बघितलं."

शैलेंद्र मोबाइलमधून मान वर करेनात. "आई, घर शिफ्ट केलं तेव्हा इथल्या देवळात दिले. तिथे रोज पूजा होते. एकदम सेफ आहेत."

"कधी?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि मी फोनवर विचारायची, पूजा झाली का, तर हो म्हणायचास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. मी हे सगळं मानत नाही आता, आई."

छायाताईंनी माझा काठ घट्ट धरला. "नको मानूस. मी काही जबरदस्ती करत नाही. पण मला सांगायचंस तरी. मी येऊन घेऊन गेले असते रे त्यांना."

इतकी वर्षं मला जे बोलायचं होतं, ते त्या बोलल्या. मित्रांनो, विश्वास बदलतो. माणसाचा बदलतो, गावाचा बदलतो, अख्ख्या देशाचा बदलतो, तो गुन्हा नव्हे. पण जिथे तुमच्या माणसांनी डोकं टेकवलं, तिथून निघताना मागच्या दाराने जाऊ नका. ज्याला शब्द दिला असेल त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा, मी चाललो. तेवढी काळजी घ्या. लाकडालाही ती पुरते.

उर्मिला बाहेर आली. "टेबल रेडी आहे. यल्ला, आई, चला."

"तुम्ही व्हा पुढे," छायाताई म्हणाल्या. "मी बसते जरा."

शैलेंद्र मोबाइल खिशात टाकून आईच्या शेजारी, माझ्यावर येऊन बसले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.