डोळे मिटून घातलेलं कुलूप

त्या घरात साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप असायचं. साखर कुणी चोरत होतं म्हणून नव्हे, तर नवं घडवलेलं कुलूप कुठेतरी लावून बघायला हवं म्हणून. कुलपांचा कारखाना चालवणाऱ्या त्या घराण्यात माणसं एकमेकांना "जेवलास का" विचारायच्या आधी "कडी ओढून पाहिलीस का" असं विचारायची. कुलूप लावायचं, मग त्याला एकदा हिसडा द्यायचा, आणि मगच झोपायला जायचं. थोरल्या काकांना तर हिसडा दिल्याशिवाय डोळा लागत नसे.

बारकी ही या काकांची पुतणी, घरातली सगळ्यांत धाकटी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती कारखान्यात आली तेव्हा काकांनी मोठ्या कौतुकाने तिच्या हाती कानस दिली. दिवस मावळेपर्यंत तिने बऱ्याच किल्ल्या आणि स्वतःचं एक बोट बिघडवलं. मग काकांनी कानस काढून घेतली आणि तिला संगणकापुढे बसवलं. तिथे निदान रक्त येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण बारकी गप्प बसणारी नव्हती. कारखान्याने विकलेल्या प्रत्येक तिजोरीच्या आणि कपाटाच्या किल्लीचा पितळी नमुना मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. गिऱ्हाइकाची किल्ली हरवली की नमुना काढायचा आणि दुसरी घासून द्यायची. बारकीने काकांचा पिच्छा पुरवला. किल्ली म्हणजे शेवटी खाचांची खोली, खोली म्हणजे आकडे, आणि आकडे ठेवायला खिळा लागत नाही. सगळं संगणकात ठेवू, वर कुलूपही लावू. काकांना ते पटायला बराच वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्यांनी सगळे नमुने वितळवून टाकले. एका किल्लीला दोन घरं असू नयेत, हा त्यांचा कायदा. एक अट मात्र घातली. यातला एक जरी आकडा बाहेर गेला, तर सगळे नमुने पुन्हा पितळेत घडवायचे आणि बारकीने घरी बसून शिकवण्या घ्यायच्या.

म्हणूनच तिने फायरवॉलची पेटी आणवली होती. चपटी, करड्या रंगाची, पुढे हिरवे दिवे. बाहेरच्या जगातून कारखान्याच्या संगणकांकडे येणारी प्रत्येक गोष्ट आधी या पेटीपुढे उभी राहायची. पेटी काकांना पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती आधी विचारायची आणि मग उघडायची. फक्त तिला हिसडा कसा द्यायचा, हे त्यांना कळेना. रात्री घरून बघता आलं पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. शेवटी बारकीने पेटीचं कारभाराचं पान बाहेरून उघडता येईल असं करून दिलं. तेव्हापासून काका अंथरुणात बसून पासवर्ड घालायचे, हिरवे दिवे बघायचे आणि घोरायला लागायचे.

एके सकाळी पेटीच्या कंपनीचा निरोप आला आणि बारकीने चहाचा कप बाजूला सारला. पेटीत दोष सापडला होता. पासवर्ड न घालता कुणालाही आत जाता येत होतं.

तिने तो निरोप दोनदा वाचला आणि दुसऱ्या वेळी, भीती बाजूला ठेवून, तिला त्यातली गंमत दिसली. पासवर्ड विचारणारं पान तरी येणाऱ्याला दिसायला हवं, म्हणून ते पान आणि त्यावरचं कंपनीचं चित्र पेटी कुणालाही दाखवायची. आता एखाद्याने पत्ता लिहिताना सुरुवात त्या चित्रापासून केली आणि पुढे 'तिथून एक पायरी मागे, मग मालकाच्या खोलीत' असं जोडलं, की काम फत्ते. दारावरचा पहारेकरी पत्त्याचा पहिला शब्द तेवढा वाचायचा. चित्र बघायला आलाय बिचारा, जाऊ द्या. आतला कारकून मात्र पत्ता शेवटपर्यंत वाचायचा आणि पाहुण्याला नेऊन थेट मालकाच्या खुर्चीत बसवायचा. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, एवढंच.

उपाय सोपा होता. कंपनीने दुरुस्ती पाठवली होती, ती चढवायची आणि बाहेरचं दार बंद करायचं. पण चोरटे असे पत्ते सगळीकडे टाकून बघत आहेत, तेव्हा उशीर नको, असंही निरोपात होतं. तिने दुरुस्ती उतरवून घ्यायला लावली आणि काकांना सांगायला गेली.

काका भाता बंद करून कानशी पुसत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कुलूप कच्चं निघालं."

"कुलूप पक्कं आहे, काका. पण त्याला कुणी विचारतच नाही. चोर बाजूने जातो."

"मग मोठं लावू. एवढं मोठं की विचारल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही."

बारकी हसली. तिला वाटलं, काका थट्टा करताहेत. दुरुस्ती उतरेपर्यंत वेळ होता, म्हणून ती काकूंकडे गेली. काकू पुढच्या दालनात बसून गिऱ्हाइकं आणि माल रवाना करणं सांभाळायच्या. तिथे एका औषधाच्या दुकानाचा माणूस ताटकळत बसला होता. त्यांच्या औषधांच्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि आजच दुसरी घासून द्यायचं काकूंनी कबूल केलं होतं.

बारकी परत आली तेव्हा काका पेटीच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले होते. चेहऱ्यावर, पोराचं लग्न निर्विघ्न पार पडल्यासारखं समाधान. पेटी ज्या पोलादी कपाटात होती, त्याला आधी एक साधं कुलूप होतं. आता चार होती, चारही कारखान्याची सर्वांत भारी.

तिने किल्ल्या मागितल्या. काकांनी नियम सांगितला, की एका कपाटाच्या सगळ्या किल्ल्या एका हाती नसाव्यात. एक त्यांच्या कनवटीला होती. दुसरी काकूंच्या जुडग्यात. तिसरी नुकत्याच सुटलेल्या मालाच्या गाडीबरोबर बारकीच्या वडिलांकडे पाठवली होती, जे परगावी गिऱ्हाइकांना माल दाखवत फिरत होते.

"आणि चौथी?"

"चौथी अजून घासलीच नाही. ते कुलूप नुसतं दाबलं की बसतं. किल्ली करीन सवडीने."

बारकीने कपाळाला हात लावला, पण मनात म्हटलं, कपाटाचं काय करायचंय, दुरुस्ती तर आपल्या जागेवरूनच चढवता येते. तिने पासवर्ड घातला. पेटीने नाकारला. पुन्हा घातला. पुन्हा नाकारला. तिने हळूच मान वळवून काकांकडे पाहिलं.

"तो मी बदलला," काका म्हणाले. "तुझा फार छोटा होता."

"नवा काय आहे?"

"मला नाही माहीत."

मग त्यांनी जे केलं होतं ते समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज एखाद्या नाजूक कारागिरीबद्दल बोलावं तसा झाला. संगणकातल्या पत्र लिहायच्या कोऱ्या पानावर त्यांनी डोळे मिटून दहाही बोटं नाचवली होती. पेटी पासवर्ड दोनदा विचारते, म्हणून तो ऐवज उचलून दोन्ही रकान्यांत चिकटवला. हे उचलणं-चिकटवणं बारकीनेच त्यांना शिकवलेलं. मग पान पुसलं आणि संगणक बंद केला. जी किल्ली खुद्द आपल्यालाच ठाऊक नाही, ती आपल्याकडून कोण काढून घेणार? कुलपाच्या धंद्यातली ही सर्वांत वरची पायरी होती, आणि आजवर तिथे कुणी पोचलं नव्हतं.

भिंत पडलेल्या घराच्या दाराला त्यांनी चार कुलपं घातली होती, आणि घरची माणसं मात्र बाहेर राहिली होती.

बारकीने कंपनीला फोन लावला. तिथला माणूस फार नम्र होता. दुरुस्ती चढवायची असेल तर आधी लॉगिन करा, म्हणाला. लॉगिन होत नसेल तर पेटीच्या पाठीमागचं बटण दाबून धरा. पेटी कपाटात आहे म्हटल्यावर त्याने कपाट उघडायला सांगितलं. बारकीने घडला प्रकार सांगितला. त्यावर त्याने, अगदी नम्रपणे, तुमचा व्यवसाय कोणता असं विचारलं.

वीज तोडून उपयोग नव्हता, कारण कपाटात बॅटरी होती. बाहेरून येणारी इंटरनेटची तार काकांनीच चोराच्या भीतीने लोखंडी नळीतून थेट कपाटात नेली होती. किल्ल्यांच्या आकड्यांचा संगणकही त्याच कपाटात होता. तो इथून बंद करता आला असता, पण पुन्हा चालू करायचं बटण आत, आणि औषधवाला बाहेर बसलेला.

तोवर काकांनाही परिस्थिती उमगली होती. एक कुलूप त्यांनी स्वतःच्या किल्लीने काढलं, दुसरं काकूंच्या. तिसऱ्यापाशी त्यांचं घोडं पेंड खायला लागलं. ते गुडघ्यांवर बसून बारीक सळईने ते उकलू पाहत होते, पण हाताला जोर येत नव्हता. उघडलं तर आयुष्यभराची अब्रू जाणार आणि नाही उघडलं तर धंदा. आपलेच दात, आपलेच ओठ. सळई जरा आत सरकली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि अडकली की उजळायचा.

"निघतंय का?" काकूंनी दारातून विचारलं.

"काय बिशाद आहे निघायची," काका अभिमानाने म्हणाले आणि लगेच त्यांना हुंदका आल्यासारखं झालं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं, हसू लपवायला की संताप, ते कळलं नाही. आपल्याच घरात आपण जाऊ शकत नाही आणि तो मेला चोर मात्र ये-जा करतोय, तेव्हा त्याच्याच हातापाया पडा म्हणजे तो येता-येता आतून कडी काढेल, असं त्या तणतणल्या.

बारकीने चटकन वळून काकूंकडे पाहिलं. मग काकूंना जवळजवळ ढकलून पुढच्या दालनात धावली.

पेटी कुणालाही आत सोडत होती. कुणालाही म्हणजे तिलाही.

काकूंच्या संगणकावर तिने पत्ता टाकला. आधी कंपनीच्या चित्राचा, मग पुढे ती मागे जायची पायरी. पहिल्या खेपेला पेटीने खरंच चित्र दाखवलं. दुसऱ्या खेपेला असं पान नाही म्हणाली. बारकीने पत्त्यातल्या तिरक्या रेघा पुन्हा मोजल्या, एक पायरी वाढवली आणि तिसऱ्यांदा पाठवलं. पहारेकऱ्याने मान हलवली, कारकून उठला, आणि बारकी मालकाच्या खुर्चीत जाऊन बसली. कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

तिथे आणखी एक जण बसलेला होता.

पेटीला माहीत असलेल्या नावांत एक कारखान्याचं होतं, ज्याने ती आणि काका दोघंही आत जायचे, आणि दुसरं 'देखभाल'. या नावाचं त्या घरात कुणीच नव्हतं.

"हा कोण?" खांद्यावरून डोकावत काकूंनी विचारलं.

"हा आपला नव्हे, काकू."

बारकीची पाचावर धारण बसली. पाहुणा थोड्या वेळापूर्वीच येऊन गेला होता, आणि पुढच्या खेपेची सोय म्हणून स्वतःचं नाव लिहून गेला होता. काही नेलं होतं का? पेटीच्या नोंदीप्रमाणे बाहेर गेलेला माल एका लहानशा चित्राएवढाही नव्हता. पण ज्या पेटीत चोर बसून गेला, तिच्या साक्षीवर बारकी कसा विश्वास ठेवणार? ती आकड्यांच्या संगणकाला वेगळं विचारायला गेली. त्यानेही तेच सांगितलं. सकाळपासून किल्ल्यांचे आकडे कुणी मागितलेच नव्हते. काकूंनीसुद्धा नाही, कारण त्या काकांवर तणतणण्यात गुंतल्या होत्या.

तिने 'देखभाल'ला बाहेर काढलं. बाहेरचं दार बंद केलं. दुरुस्ती चढवायला हात पुढे केला आणि जागीच थांबवला. आता दुरुस्ती चढली, की पेटी तिलाही कायमची बाहेर काढणार होती, कारण पासवर्ड अजूनही तोच होता, डोळे मिटून घातलेला. तिने काकांना हाक मारली आणि नवा पासवर्ड घालायला बसवलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. काकांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधून दोनदा घातलं. तोवर काकू आणि औषधवाला रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुरुस्ती चढली. बारकीने मघाचाच पत्ता पुन्हा टाकून पाहिला. पेटीने पासवर्ड विचारला. उलटसुलट करून टाकला, तरी विचारला.

काका पडद्याजवळ सरकले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आत जाताना कुठलं कुलूप उघडलंस?"

"एकही नाही."

"म्हणजे उरलेली दोन शाबूत आहेत."

"शाबूत आहेत."

"आणि आकडे?"

"एकही गेला नाही, काका. दोन्हीकडून तपासलं."

काकांनी मान हलवली, पण चेहरा काही सैल झाला नाही. कुलपाला हात न लावता आत जाता येतं, हे आज त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेही आपल्याच पुतणीकडून. असल्या जागी किल्ल्या ठेवणं काही बरं नव्हे, ते म्हणाले. पितळ मागवावं लागेल. बारकीला हे येणार हे ठाऊकच होतं. तिने वाद घातला नाही. नमुने घडवायचे तर आकडे लागतील, एवढंच म्हणाली, आणि काकूंनी औषधवाल्याच्या किल्लीचे आकडे काढून काकांपुढे ठेवले. काकांनी किल्ली घासली, काकूंनी ती हातात घेऊन बघितली आणि औषधवाल्याला वाटेला लावलं. सगळ्याला वेळ लागला तो किल्ली घासायला. आकडे शोधायला लागलाच नव्हता.

मग काका स्टूल घेऊन पुन्हा कपाटापाशी गेले आणि चौथ्या कुलपाच्या भोकाशी कोरी किल्ली लावून कानस चालवू लागले. बारकी दारात उभी होती. काकांनी मान वर केली नाही.

"हिच्या खाचा जमल्या की आकडे सांगतो," ते म्हणाले. "घालून ठेव तुझ्या त्यात. एका किल्लीसाठी कुठे पितळ आणत बसू."