दाजींचं नाक

आमचे दाजी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे आणि गळती शोधायला त्यांना नाकाखेरीज काही लागत नसे. बाकीचे कारागीर नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतात. दाजी त्यांना ‘आंघोळवाले’ म्हणून हिणवायचे. स्वतः नाक जवळ नेऊन हुंगायचे आणि लगेच काडी ओढायचे. गिऱ्हाईक दचकलं की स्वारी खूश.

मग त्यांना ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. त्यांना पत्ताच नव्हता. वास येत नाही म्हणजे वास नाहीच, एवढं सोपं गणित. ताईला कळलं ते उंदरामुळे. कपाटामागे उंदीर मरून कुजला होता, आम्ही नाकं दाबून शोधत होतो आणि हे त्याच कपाटाला टेकून मिटक्या मारत जेवत होते.

“अहो, तुमचं नाक गेलंय,” ताई म्हणाली.

“या नाकावर घर उभं राहिलंय. तुझ्या भावालाही दोन वेळा जेवू घालतंय ते.”

आडमुठ्या माणसाशी कोण डोकं फोडणार? ताई मात्र रोज त्यांच्या पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली ठेवायची. ती रोज भरलेलीच परत यायची.

भाचीने नवीन घर केलं. शेगडी बसवायला बापाशिवाय दुसरं कोण? सामान उचलायला मी गेलो.

“बाबा, वास येतोय,” भाची म्हणाली.

“भिंतीच्या रंगाचा असेल.”

“गॅसचा येतोय हो!”

बाहेरच्या खोलीत मलाही आला. “दाजी, थांबा! बाटली आहे ना पिशवीत?” मी ओरडलो आणि खिडकीकडे धावलो.

“मामा-भाची दोघंही भित्री भागूबाई,” दाजी हसले. “मला येत नाही म्हणजे नाही. हवं तर ओट्याखाली वाक, कान लाव. काही फुसफुसतंय का?”

पोरगी शहाण्यासारखी वाकली. जड गॅस तिथेच साठला होता. मी खिडकीची कडी काढत होतो तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला.

दाजींचे हात भाजले. भाची गळ्यापासून पायापर्यंत.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जखमांना वास सुटला तर आशा ठेवू नका. त्या दिवशी नर्सने पट्ट्या सोडल्या आणि मला तिथे उभं राहवेना. ताईने नाकाला पदर लावला. दाजी उशाशी बसले होते, दोन्ही हात बांधलेले. त्यांनी पोरीवर वाकून नाक जवळ नेलं आणि हुंगलं. जुन्या सवयीने.

“बरी होतेय,” ते मोठ्याने म्हणाले. “अजिबात वास नाही.”

माणसाचा गळा धरावा असं मला आयुष्यात तेव्हाच वाटलं.

भाचीने डोळे ताईकडे वळवले. “आई, खरंच नाही ना?”

ताईने पदर खाली घेतला, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “नाही गं. बाबा म्हणतायत ना.”