दोन उजव्या बाह्या

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी कात्री आहे. फार बोलायची मला सवय नाही, हल्ली दमही लागतो. पण माझ्या मास्तरांचं दुखणं माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नाही, म्हणून सांगते.

भट्टीत तापवून, ठोकून, घासून मला एका तरुण कारागिराच्या हाती दिलं गेलं. तोच पुढे कटिंग मास्तर झाला. सव्वीस वर्षं आम्ही दिवसाला वीस-वीस शर्ट कापले. गिऱ्हाइकं मास्तरांच्या हाताचं कौतुक करायची. माझं नाव कोणी घेतलं नाही. असो. मास्तरांचा एक नियम मात्र कडक होता. कागदाने धार जाते, म्हणून मला कागदाला लावायचं नाही.

एका दुपारी वरच्या फळीवरचा तागा काढताना मास्तर शिडीवरून पडले. डोकं इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. मेंदूचं मोठं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ते घरी आले तेव्हा चालत होते, हसत होते. सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे! पण त्यांच्या लेखी डावी बाजूच उरली नव्हती. डोळे धड होते, मेंदूच तिकडे लक्ष देत नव्हता. ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहायचं. दाढी अर्धीच व्हायची.

तरी हट्टाने त्यांनी एका शिक्षकांच्या कोटाचं कापड पुढ्यात घेतलं. एक बाही कापली की कागदी फर्मा, म्हणजे बाहीच्या मापाचा नमुना, उलटवून दुसरी कापायची असते. मास्तर तो उलटवायचं विसरले. हात चालेल तशी मी चालते, मला थांबता येत नाही.

"अहो, या दोन्ही उजव्याच आहेत," त्यांची बायको म्हणाली. शिलाईचं काम तीच बघायची.

"काहीतरीच! नीट बघ जरा."

तिने दोन्ही बाह्या सुलट बाजूने एकीवर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. जुळायला नको होत्या. मास्तरांनी कडा पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या. मग मला खणात टाकून म्हणाले, "संपलं. दुकान बंद करू." मला रडता येत नाही म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी गंजलेच असते.

पुढे व्यायाम शिकवायला एक ताई येऊ लागल्या. त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मग तिथपासून वर्तमानपत्र कापायचं. घरातली साधी कात्री मास्तरांच्या हातात बसेना, तेव्हा मला बाहेर काढलं.

"तिची धार जाईल हो," बायको कचरली.

"माझी तरी कुठे राहिलीये?" मास्तर म्हणाले.

आठ महिने मी रद्दी कापली. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस बायको म्हणाली, "मला कटिंग शिकवा. तुम्ही सांगा, मी कापते." मास्तरांना एकेक पायरी तोंडाने सांगावी लागली. महिनाभराने एका शर्टाची उजवी बाही कापून तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं.

"माझा हात भरून आलाय. डावी तुम्ही कापा."

मास्तर स्वतःलाच मोठ्याने सांगत राहिले, "लाल पट्टी बघ. फर्मा उलटव. परत पट्टी बघ." तिने कापडाचं टोक ताणून धरलं होतं. मी दोनदा अडले. एका बाहीला पाऊण तास लागला. ती बाही सुलट बाजूने उजवीवर ठेवली, तर जुळली नाही. खरीखुरी डावी झाली होती. मास्तर खाली बसून लहान मुलासारखे रडले.

आता दिवसाला एक शर्ट होतो. त्यानंतर त्यांचं डोकं ठणकतं आणि ते आडवे होतात. कोट बायको कापते. येणारा-जाणारा विचारतो, "मास्तर, पूर्वीसारखे कधी होणार?" ते हसतात, आणि माझ्यावरची त्यांची पकड सैल पडते.

मित्रांनो, अशा माणसाला तेवढं विचारू नका. त्याचं काम चालू असेल, तर कापडाचं दुसरं टोक धरा आणि त्याचं होईपर्यंत उभे राहा.