सहा चाळीसची नोंद

तिने स्वतःचा आणि मामांचा, असे दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वेळांवरून पट्टी खाली सरकवली. पहाटे सहा पाचला तिने शीळ घातली. सहा पाचलाच मामांनी पक्षी ऐकला. सहा बाराला मामांची शीळ, तेव्हाच तिचा पक्षी. पुढच्या दोन्ही नोंदी तशाच.

हा पक्षी डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्याच्यासारखी शीळ घालायची आणि येणारी उत्तरं मोजायची, एवढीच त्याची गणना. पाच उत्तरं मिळाली म्हणून सकाळपासून ती हवेत होती. बाराच्या आत आकडा समितीकडे जायचा होता. शून्य गेला, की हे खोरं राखीव यादीतून बाहेर आणि करवती आत.

“मामा, ठरल्याप्रमाणे वरच्या खडकापर्यंत गेला होतात ना?”

मामा चष्मा पुसत बसले. अख्ख्या वनखात्याला ही शीळ शिकवलेला माणूस. पण दुखरा गुडघा भाचीला दाखवायची लाज.

“अर्ध्यावरच बसलो. पायाने दगा दिला गं.”

“म्हणजे माझ्यापासून हाकेच्या अंतरावर! आपण एकमेकांनाच मोजलं, मामा!”

“इतकी हुबेहूब घालतेस?”

कौतुक करायची ही वेळ होती? तिला संताप आला आणि हसूही. तिने चार नोंदींवर काट मारली. पाचवीवर पेन थांबलं. सहा चाळीस. ही नोंद दोन्ही तक्त्यांत होती, पक्षी ऐकल्याची.

“सहा चाळीसला तुम्ही शीळ घातलीत?”

“छे, मी थर्मास उघडत होतो. तूच घातलीस की.”

“मी बुटातली जळू काढत होते.”

तिने नकाशा पुढ्यात ओढला. मग तिने दोघांनी नोंदवलेल्या दिशांच्या रेघा नकाशावर ओढल्या. रेघा ओढ्यापलीकडे एकमेकींना छेदून गेल्या. तिथे दोघांपैकी कुणीच नव्हतं.

तिने रकान्यात ‘एक’ लिहिलं.

“वाचलं, मामा. खोरं वाचलं.”

मामा हसले नाहीत.

“चाळीस वर्षं मी त्याला हाका मारतोय,” ते म्हणाले. “आज त्याने आपणहून मारली, आणि आपण दोघं ढिम्म बसून राहिलो.”

तिने कागद पाकिटात घातला. मामांनी खिडकीकडे तोंड करून ओठांचा चंबू केला. शीळ काही आली नाही.