टाकीत कोण उतरलं?

नाव झाकणं वाटतं तितकं सोपं नसतं. काळ्या शाईचा जाड पेन नावावरून फिरवला, तरी कागद उजेडाकडे धरला की खालची अक्षरं दिसतात. म्हणून आधी तक्रारीची झेरॉक्स काढायची, तिच्यावर पेन फिरवायचा, मग त्या काळ्या केलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि तीच बाहेरच्या फलकावर लावायची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी नगरपालिकेच्या माहिती कक्षात अर्धा दिवस हेच काम करतो. तक्रार टाइप केलेलीच घेतो, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखू येत नाही. नियम दोनच आहेत. आलेली प्रत्येक तक्रार सात दिवसांत लोकांना वाचायला मिळाली पाहिजे, आणि ती कोणी केली हे कुणालाही कळता कामा नये.

त्या सोमवारी पाण्याच्या टाकीबद्दलची एक तक्रार मी तयार करून ठेवली होती. नाव, पत्ता, फोन, सही, सगळं काळं. शिपाईमामा टाचण्या शोधता शोधता ती वाचत होते.

"बाईंनी मुद्देसूद लिहिलंय हो, मास्तर."

"कोण बाई?"

"मला काय ठाऊक? नाव तुम्हीच झाकलंय. पण हे बघा ना. 'गेल्या आठवड्यात मी टाकीत उतरले. तळाशी घोटाभर गाळ होता. मग मी टाकी धुण्याची वही बघायला गेले. वहीत टाकी धुतल्याची नोंद होती.' उतरले, गेले. बुवा असता तर उतरलो म्हणाला असता."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि पुन्हा वाचला. तीस वर्षं मी मुलांना व्याकरण शिकवलं, आणि माझ्या नाकासमोरचे दोन शब्द मला दिसले नव्हते. डोळे मिटून लपणाऱ्या लहान मुलासारखं झालं होतं माझं.

पाणी केंद्रावर कामगार सहा. पाच पुरुष आणि एक बाई. टाकीत सगळेच पाळीपाळीने उतरतात, वही सगळ्यांच्या हाताशी असते. पण 'उतरले' म्हणणारी एकच. तिचा करार महिनाअखेर संपत होता आणि नव्या करारासाठी मुकादमाचीच शिफारस लागते. वहीत खोटी नोंद करणाराही तोच.

मी दोन्ही क्रियापदं काळी करून पाहिली. 'मी टाकीत', आणि पुढे काळा डाग.

"आता तर कुणीही विचारेल," मामा म्हणाले, "क्रियापदात लपवण्यासारखं काय होतं?"

कागद घेऊन मी मॅडमकडे गेलो. कक्षाच्या प्रमुख त्याच.

"'उतरलो' करा की," त्या म्हणाल्या. "एक काना तर वाढवायचा."

"मग ते पाचांपैकी कुणाच्या तरी गळ्यात पडेल, मॅडम. शिवाय तक्रार तिची आहे, आपण कशी बदलणार?"

"तिची? म्हणजे बाई आहे?"

मी कागद पालथा घातला.

"हे मला कळायला नको होतं ना?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग लावूच नका ती."

"नाही लावली तर नियम मोडतो."

"आणि लावली तर?"

"तरी मोडतो."

"मास्तर, तुम्ही यायच्या आधीही आम्ही नावंच झाकत होतो. कुणाचं काही अडलं नाही."

"अडलं असेल. आपल्याला कळलं नसेल."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "तक्रार बदलायचा हक्क फक्त तक्रारदाराला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला विचारा. किंवा तिला. मला काही सांगू नका."

ती रोज अकराला पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या घेऊन आमच्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत येते, त्यामुळे वेगळं बोलवावं लागलं नाही. कागद पाहून तिने आधी सहीची जागा तपासली.

"काळी केलीत ना?"

"सही केली. 'उतरले' राहिलं."

थोडा वेळ तिला उमगलं नाही. उमगल्यावर बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर टेकली.

"मग मागे घेऊ?"

"तुमची इच्छा असेल तर घ्या."

"माझी नोकरी जाईल, हे खरं. पण ते पाणी माझ्याही घरी येतं, मास्तर. माझी आई तेच पिते."

मग मला कार्यालयातली नेहमीची युक्ती सुचली. "'टाकीची पाहणी करण्यात आली' असं लिहिलं तर?"

"कोणी केली? भुताने?" ती म्हणाली. "मुकादमाच्या वहीत दर पंधरा दिवसांनी हेच लिहिलंय. 'टाकी धुण्यात आली.' कोणी धुतली त्याचा पत्ता नाही. माझ्या तक्रारीत 'मी' पाहिजे. मी पाहिलंय ते."

मला एकदम फळा दिसायला लागला. "एक वाक्य सांगतो," मी म्हणालो. "'मी झडप उघडली.' हे बाई बोलतेय की बुवा?"

"दोघंही असंच म्हणतील."

"मग 'उघडली' का?"

"झडप ती, म्हणून."

"आणि 'मी नळ उघडला'?"

"नळ तो." ती थांबली. "म्हणजे क्रियापद माझं ऐकतच नाही. नळाचं ऐकतं."

"हाच कर्मणी प्रयोग."

"अहो, शाळेत मी विचारलं होतं, याचा उपयोग काय. तर सर म्हणाले, परीक्षेत येतो."

कोरा कागद मी तिच्यापुढे सरकवला, पण शब्द एकही सांगितला नाही. तिने स्वतःच लिहिलं. 'मी टाकीची पाहणी केली. मी गाळाची खोली मोजली, ती घोटाभर भरली. मग मी धुण्याची वही पाहिली.' 'उतरले'पाशी मात्र ती अडली. पेनाचं टोपण दातात धरून बसली, आणि मग लिहिलं: 'मी टाकीत पाय ठेवला.'

जुनी तक्रार तिने रीतसर मागे घेतली, नवी टाइप करून दिली. दोन्ही मूळ कागद बंद कपाटात गेले. तरीही मला नीटसं कळेना, की हे मी शिकवलं, की एका सरकारी कागदात हात घातला. मॅडमना विचारावं तर त्यांना काही कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम फलकासमोर उभा राहून तीनतीनदा वाचत होता. मग आत आला.

"मास्तर, हे कोणी लिहिलं?"

"ते सांगता येत नाही."

"नाव नका सांगू. बाई की बुवा, तेवढंच सांगा."

"बाहेर लावलंय तेवढंच माझ्याकडे आहे."

"त्यात काहीच कळत नाही. बरं, कधी आली ती?"

"काल आली."

"आली म्हणालात."

"तक्रार आली. तक्रार ती."

"मी तक्रारदाराचं विचारत होतो. तो कधी आला?"

"अर्ज काल आला. अर्ज तो."

"मग नक्की कोण आलं?"

"पत्र आलं," टाचण्यांची डबी हलवत मामा मागून म्हणाले. "पत्र ते."

मुकादम डोकं खाजवत निघून गेला.

सातव्या दिवशी केंद्राचं उत्तर आलं. 'टाकी धुण्यात आली.' एवढंच. मी ते फलकावर लावलं, पण माझा विश्वास बसेना. अकराला ती बाटल्या घेऊन आली, तेव्हा मी विचारलं, "खरंच धुतली?"

"खरंच. सहाही जणांना लावलं होतं. सोळा घमेली गाळ निघाला." तिने एक बाटली खिडकीकडे धरून दाखवली. पाणी स्वच्छ होतं.

"आणि करार?"

"सगळ्यांच्याच करारांची शिफारस केली त्याने. कुणाला वगळायचं तेच कळलं नसेल."

"पण आत आधी कोण उतरलं?"

"मी उतरले," ती म्हणाली, आणि चटकन मागे वळून दाराकडे पाहिलं.