मृणालिनीकाकूंचं मंगळसूत्र

आजवर दर्शनाने फक्त प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणातल्या रबरी बाहुलीची छाती दाबली होती. आता कांदिवलीतल्या त्यांच्याच सोसायटीच्या बागेत मृणालिनीकाकू श्वास थांबून पडल्या होत्या आणि ती त्यांची छाती दाबत होती. वॉचमनने लॉबीतलं शॉक द्यायचं मशीन धावत आणलं. त्यासोबतच्या कात्रीने तिने काकूंचा कुर्ता कापला, पण मशीनच्या पट्ट्या चिकटवायच्या जागी मंगळसूत्र पुन्हा पुन्हा घसरून येत होतं. ती त्याला कात्री लावणार तोच काकूंचे यजमान शरच्चंद्रकाका ओरडले, "हात लावू नकोस त्याला! ती मला जन्मात माफ करणार नाही."

"माफ करायला त्या उरायला नकोत का, काका?" दर्शना किंचाळली.

काकांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने ते तोडलं. काळे मणी बागेतल्या लादीवर विखुरले.

शॉकने काकूंचं अंग उसळलं. पुढे काहीच नाही.

"वाट लागली," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"गप्प बसा!" दर्शना खेकसली आणि रडत रडत दाबत राहिली.

अखेर काकू कण्हल्या. त्यांचा हात चाचपडत गळ्याशी गेला. गळा मोकळा होता. भेदरलेल्या डोळ्यांनी त्या नवऱ्याला शोधू लागल्या.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही बरे आहात ना?"