उंदीरमामाच्या कानावरचा ठसा

काळाचौकीच्या शाळेत अनुजाबाईंनी शनिवारचा एक तास गुन्हेतपासाला दिला होता, आणि नववीची पोरं त्या तासावर तुटून पडायची. एरवी प्रकाशाचं अपवर्तन म्हटलं की डुलक्या काढणारी हीच जमात! पेन्सिलीच्या शिशाची पूड, मऊ ब्रश आणि सेलोटेप एवढ्या सामानावर बाईंनी त्यांना बोटांचे ठसे उचलायला शिकवलं. स्टॅम्पपॅडवर बोटं टेकवून प्रत्येकाचे ठसे कार्डावर घेतले. आणि बोलण्याच्या भरात एक वाक्य फेकलं, "माणूस खोटं बोलेल, ठसा खोटं बोलत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. ठसा कुणाचा हे कळतं, पण तो का उमटला हे कळत नाही, हा भाग पुढच्या शनिवारी घ्यायचा होता. पुढचा शनिवार गणपतीच्या सुट्टीत गेला.

त्याच सुट्टीत चाळीच्या मंडळात उंदीरमामाच्या हातातला चांदीचा मोदक नाहीसा झाला. दुपारी नैवेद्यासाठी दर्शन बंद होतं. कार्यकर्त्यांनी चांदीचा उंदीर पुसून लख्ख केला, पडदा ओढून जेवायला गेले, आणि परत येऊन बघतात तर मोदक नाही. मंडळाचे सेक्रेटरी बाबुराव पोलिसांत निघालेच होते, तेवढ्यात त्यांची मुलगी श्रेया ब्रश घेऊन धावली. ती वर्गाची मॉनिटर, बाईंची लाडकी. सगळ्यांची कार्डं तिच्याकडेच असायची. तिने उंदराच्या कानावर पूड फिरवली, ठसा उचलला आणि भिंगाखाली एकेक कार्ड लावून पाहिलं. ठसा गौतमचा निघाला. गौतम तिच्याच वर्गातला, त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारा.

संध्याकाळी मंडळाने बाईंना बोलावलं. जिन्याखाली गौतम त्यांची वाट बघत उभा होता.

"बाई, मी मोदक नाय घेतला. मी फक्त कानात सांगायला गेलेलो."

"काय सांगायला?"

"आईचं. उद्या ऑपरेशन आहे तिचं. सगळे सांगतात ना, एक कान हाताने झाकायचा नि दुसऱ्या कानात बोलायचं. तसं केलं. पण प्लीज, पप्पांना नका सांगू."

बाईंना त्याच्या पप्पांची कल्पना होती. दौलत शिवडीच्या गोदामात सुपरवायझर होते. दर रविवारी विहारात वंदना घेणारा, देव आणि नवस घराबाहेर ठेवणारा माणूस. आणि याच गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान. पोराचे डोळे भरून आले होते. बाईंनी सांगणार नाही म्हणून मान हलवली.

बाई गौतमला घेऊन मंडळाच्या खोलीत गेल्या. तिथे बाबुराव, दौलत आणि दोन कार्यकर्ते बसले होते. बाईंनी जमेल तेवढा जोर लावला.

"ठसा कानावर आहे बाबुराव, मोदक हातात होता. नुसत्या ठशावरून चोरी ठरत नाही."

"कान धरल्याशिवाय मोदक उपसता येतो का बाई? आणि ठसा खोटं बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? आमची पोरगी घरभर घोकत फिरते."

बाईंना स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागाचा काडीचा उपयोग नव्हता.

पण बाबुराव काही वाईट माणूस नव्हते. ते गौतमकडे वळले. "कानात काही सांगायला गेला असशील तर तसं बोल, बाळा. विषय इथेच संपला."

गौतमने मान वर केली. सुटकेची वाट समोर होती, फक्त हो म्हणायचं होतं. तेवढ्यात दौलत उठून उभे राहिले.

"बाबुराव, चोरीचं म्हणाल तर आत्ता घराची झडती घ्या. पण हे कानात सांगणं माझ्या पोरावर टाकू नका. त्याची आई हॉस्पिटलात आहे, तरी आमच्या घरात कुणी नवस बोललेलं नाही. तो तर बोलणारच नाही. माझा मुलगा आहे तो."

त्यांच्या आवाजात तसूभरही शंका नव्हती. गौतमने पप्पांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मीच घेतला मोदक," तो म्हणाला.

"कुठाय?"

"फेकला. शिवडीला, खाडीत."

 दौलतनी बाबुरावांपुढे हात जोडले. "माफ करा. पोलिसांत तेवढं नका जाऊ."

"थांबा," अनुजाबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. गौतमही बघत होता. त्याने अगदी हळू, कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली.

"बोला ना बाई," बाबुराव म्हणाले.

"काही नाही."

बाहेर पडताना दौलत दारात थबकले. मुलाच्या बाईंशी बोलायची त्यांची पद्धत फार अदबीची होती, आत्ताही ती सुटली नाही.

"तुमची चूक नाही बाई. पोटचा पोरगा मलाच ओळखता आला नाही."

"तसं नाही हो," एवढंच बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर होतं. दौलतनी क्षणभर वाट पाहिली, आणि मग ते मुलाला पुढे घालून जिना चढून गेले.